नाशिकमध्ये राहून वन, वन्यजीव आणि पर्यावरण यांवर पदव्युत्तर संशोधन कसे करावे

पदव्युत्तर वर्गातले विद्यार्थी संशोधनासाठी पहिल्यांदा जे शीर्षक घेऊन येतात, ते बहुधा ‘नाशिक जिल्ह्यातील पक्ष्यांचा अभ्यास’ किंवा ‘गोदावरीच्या प्रदूषणाचे मूल्यमापन’ अशा थाटाचे असते. हे विषय आहेत, प्रश्न नाहीत. विषयाला शेवट नसतो, प्रश्नाला असतो, आणि एम.एस्सी.चा लघुप्रबंध असो वा पीएच.डी., काम वेळेत संपवायचे असेल तर हातात प्रश्नच असावा लागतो. म्हणून या लेखाचा बराच भाग प्रश्न कसा घडवावा आणि त्याचे उत्तर प्रत्यक्ष रानात, नदीकाठी किंवा उसाच्या बांधावर कसे मोजावे यावर खर्च केला आहे. प्रवेश, पैसा आणि लेखन यांबद्दल जरुरीपुरतेच लिहिले आहे.

प्रश्न जिल्ह्यातूनच काढावा

नाशिक जिल्हा या कामाला सोयीचा आहे, त्याचे पहिले कारण पाऊस. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, नाशिक शहरात तो सातशेच्या आसपास येतो आणि येवला-नांदगावकडे त्याहूनही खाली उतरतो. सुरगाणा-पेठकडचे साग, ऐन, खैर, धावडा यांचे पानझडी जंगल, त्र्यंबकेश्वर-इगतपुरीचे कडे आणि कातळपठारे, मधला द्राक्षे व उसाचा बागायती पट्टा आणि पूर्वेकडची माळराने हे सगळे एका दिवसाच्या मोटारसायकलच्या टप्प्यात आहे. ज्याला पाऊस, जमीन किंवा माणसाचा वावर बदलला की झाडोऱ्यात आणि प्राण्यांत काय बदलते हे पाहायचे आहे, त्याला देशाच्या दुसऱ्या टोकाला जाण्याचे कारण नाही.

प्रश्न पक्का झाला की नाही हे ओळखण्याची एक साधी कसोटी आहे. रानात पाऊल टाकण्यापूर्वी नोंदींचा कोरा तक्ता कागदावर आखावा आणि त्याच्या प्रत्येक रकान्याला नाव व एकक द्यावे. रकाने भरले जाणार कशाने हे सांगता येत नसेल, तर प्रश्न अजून कच्चा आहे. त्यानंतर स्वतःलाच विचारावे की उत्तर ‘नाही’ असे आले तरी ते लिहिण्याजोगे असेल का. जे उत्तर आधीच ठरलेले आहे, उदाहरणार्थ ‘शहराखाली नदीचे पाणी खराब होते’, ते सिद्ध करण्यात दोन वर्षे घालवणे योग्य नाही.

एक उदाहरण घेऊ. त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात भाताच्या आणि नागलीच्या रोपांसाठी राब भाजतात. पावसाळ्यापूर्वी रोपवाटिकेच्या जागेवर फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत यांचे थर देऊन ते पेटवले जातात, आणि त्यासाठी आसपासच्या झाडांच्या, विशेषतः ऐनाच्या, फांद्या छाटल्या जातात. अशी वर्षानुवर्षे छाटलेली झाडे बुंध्याने जाड आणि माथ्याने बोडकी असतात. यातून ‘राबासाठी छाटल्या जाणाऱ्या ऐनाला न छाटलेल्या ऐनापेक्षा फळे कमी धरतात का, आणि त्याच्या आसपास रोपे कमी उगवतात का’ असा प्रश्न निघतो. यात मोजायचे काय ते स्पष्ट आहे, हंगाम ठरलेला आहे, दोन माणसांना काम पेलते आणि उत्तर कोणत्याही बाजूला जाऊ शकते. शिवाय याच झाडांमुळे एक जुनी अडचण ध्यानात येते. बुंध्याच्या घेरावरून झाडातील कार्बन काढण्याची सूत्रे अखंड माथ्याची झाडे गृहीत धरतात, त्यामुळे छाटलेल्या ऐनाला तीच सूत्रे लावली तर आकडा फुगतो. नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात कार्बनसाठ्यावर काम करणाऱ्याने छाटणीची नोंद ठेवण्यासाठी तक्त्यात वेगळा रकाना घालावाच.

बिबट्या हा इथल्या विद्यार्थ्यांचा सर्वांत आवडता आणि सर्वांत अवघड प्राणी आहे. शेजारच्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतीच्या प्रदेशात कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे, लावून दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे असल्याचा अंदाज २०१३ साली प्रसिद्ध केला. विष्ठेच्या विश्लेषणातून त्याच भागातल्या बिबट्यांच्या खाद्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा असल्याचेही पुढे आले. हे वाचून निफाड किंवा सिन्नरमध्ये तेच करावे असे वाटणे स्वाभाविक आहे, पण त्याला डझनांनी कॅमेरे, मनुष्यबळ आणि अनुभव लागतो. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने बिबट्या मोजण्यापेक्षा बिबट्याचे हल्ले कुठे होतात हे तपासावे. जनावर मारले गेल्यावर वनविभाग नुकसानभरपाईसाठी पंचनामा करतो आणि त्यात ठिकाण, तारीख आणि जनावराची माहिती असते. अशा नोंदी मिळवून त्या घरांना भेट द्यावी आणि गोठा बंदिस्त होता की उघडा, उसाची कड किती मीटरवर होती, रात्री दिवा होता का हे नोंदवावे. मात्र तेवढ्यावर थांबू नये. त्याच गावातल्या, हल्ला न झालेल्या तितक्याच गोठ्यांची तशीच मोजणी केल्याशिवाय तुलना उभी राहत नाही. शंभरातल्या ऐंशी हल्ल्यांच्या जागा उसाजवळ निघाल्या आणि गावातले ऐंशी टक्के गोठेही उसाजवळच असले, तर ऊस हे कारण ठरत नाही. पंचनाम्यांची आणखी एक मर्यादा अशी की ते फक्त नोंदवलेल्या घटना सांगतात. शेळी गेली तर माणूस कार्यालयात जातो, कुत्रे गेले तर सहसा जात नाही.

गिधाडांवर काम करण्याची इच्छा चांगली आहे, पण तिच्या मर्यादा ओळखाव्यात. अंजनेरी आणि बोरगड ही दोन्ही संवर्धन राखीव क्षेत्रे शहराजवळ आहेत आणि हरसूल भागात खोरीपाडा येथे गिधाडांसाठी मृत जनावरे ठेवण्याचा प्रयोगही झालेला आहे. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या देशात १९९२ ते २००७ या काळात ९९ टक्क्यांहून अधिक घटली. डायक्लोफिनॅक हे जनावरांचे वेदनाशामक त्यास कारणीभूत असल्याचे २००४ साली दाखवून दिले गेले आणि २००६ साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. उरलेली घरटी इतकी थोडी आहेत की त्यांच्यावरून एका वर्षात आकडेशास्त्रीय निष्कर्ष काढणे अवघड असते. त्यापेक्षा परिसरातल्या औषध दुकानांत जनावरांसाठी कोणती वेदनाशामके मिळतात, किंवा मेलेले जनावर लोक आता उघड्यावर टाकतात की पुरतात, हे प्रश्न एका हंगामात सुटतात आणि गिधाडांच्या उपयोगी पडतात.

मार्गदर्शक, संस्था आणि प्रवेश

संस्थेच्या नावापेक्षा मार्गदर्शकाची निवड महत्त्वाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या प्राध्यापकांकडे जाण्यापूर्वी त्यांचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत आणि त्यांच्या आजच्या विद्यार्थ्यांशी स्वतंत्रपणे बोलावे. सर किंवा मॅडम क्षेत्रभेटीला येतात का, मसुदा किती दिवसांत वाचून परत देतात आणि शोधनिबंधावर पहिले नाव कोणाचे जाते, हे तीन प्रश्न विचारायला संकोच करू नये.

नाशिकमधल्या महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राच्या विभागांतून लघुप्रबंध करता येतो. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग, आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील जैवविविधता अभ्यासक्रम, भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था आणि आघारकर संशोधन संस्था आहेत. वनशास्त्राचे शिक्षण दापोली आणि अकोला येथील कृषी विद्यापीठांत मिळते. देशपातळीवर देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि वन संशोधन संस्था, तसेच बंगळुरूचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, भारतीय विज्ञान संस्थेचे परिस्थितिकी केंद्र आणि एट्री ही पर्यावरण संशोधन संस्था ही नावे पाहावीत. संस्था बाहेरची असली तरी क्षेत्र नाशिकचे ठेवता येते, आणि अनेकदा ते शहाणपणाचे ठरते, कारण इथली भाषा, रस्ते आणि माणसे आपल्या ओळखीची असतात.

पीएच.डी.साठी यूजीसीचे २०२२ चे नियम लागू आहेत. त्यांनुसार कालावधी किमान तीन आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षांचा आहे आणि कोर्सवर्क किमान १२ श्रेयांकांचे असते. शिष्यवृत्तीसाठी यूजीसी नेटमध्ये पर्यावरणशास्त्र हा विषय आहे, तर सीएसआयआर नेटमध्ये परिस्थितिकी हा जीवनविज्ञानाचा भाग आहे. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीची रक्कम २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि वरिष्ठ टप्प्यात ती ४२,००० होते. राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती या संस्था आपापल्या लक्ष्यगटांतील संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. त्यांच्या जाहिराती वर्षातल्या ठरावीक तारखेलाच येतील असे धरून चालू नये. जातीचे, उत्पन्नाचे आणि अधिवासाचे दाखले आधीच तयार ठेवावेत.

परवानगीचे काम आधी सुरू करावे

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात अभ्यासासाठी प्रवेश करायचा तर कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि त्यांचे कार्यालय नागपूरला आहे. प्राणी पकडायचा असेल, मग तो बेडूक का असेना, तर कायद्याच्या व्याख्येत पकडणे हेही शिकारीतच मोडते. त्यासाठी कलम १२ खालची विशेष परवानगी घ्यावी लागते आणि अनुसूची एकमधील प्राण्यांच्या बाबतीत केंद्र सरकारची पूर्वसंमती लागते. अभयारण्याबाहेरच्या वनक्षेत्रासाठी नाशिक पूर्व किंवा नाशिक पश्चिम वनविभागाच्या उपवनसंरक्षक कार्यालयापासून सुरुवात करावी. गाव आदिवासी क्षेत्रातले असेल आणि वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेले असतील, तर ग्रामसभेलाही अर्ज द्यावा. संशोधनाचे नमुने परदेशी पाठवायचे असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाचा विषय येतो, आणि एम.एस्सी.च्या पातळीवर त्या वाटेला न जाणेच बरे.

अर्ज दोन पानांचा असावा. त्यात प्रश्न, पद्धत, कालावधी, नेमकी ठिकाणे म्हणजे वनपरिक्षेत्र, नियतक्षेत्र (बीट) आणि शक्य असल्यास कक्ष क्रमांक, सोबत येणाऱ्या व्यक्तींची नावे, वाहनाचा क्रमांक आणि मार्गदर्शकांचे पत्र असावे. पाने, बिया, माती किंवा विष्ठा यांतले काही उचलायचे असेल तर किती आणि कसे, हे त्याच अर्जात लिहावे. नंतर वाढवून मागायला गेले की फाईल पुन्हा पहिल्या टेबलावर येते. रात्री थांबायचे असल्यास तेही लिहावे. ड्रोनचा विचार असेल तर नाशिकमध्ये विशेष काळजी घ्यावी, कारण देवळाली, ओझर आणि नाशिकरोड परिसरात संवेदनशील आस्थापना असून त्यांच्याभोवती उड्डाणावर निर्बंध आहेत.

परवानगी हातात पडेपर्यंत काही महिने जाऊ शकतात हे धरूनच वेळापत्रक करावे. या काळात जुने संदर्भ वाचावेत, वनविभागाची कार्य आयोजना, म्हणजे जंगल व्यवस्थापनाचा आराखडा, पाहावी, पुण्याच्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण कार्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात जाऊन आपल्या क्षेत्रातून पूर्वी गोळा झालेले नमुने तपासावेत आणि परवानगी न लागणाऱ्या जागी पद्धतीचा सराव करावा. आदेश आला की त्याची प्रत वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना आणि त्या नियतक्षेत्राच्या वनरक्षकांना स्वतः नेऊन द्यावी. कागदोपत्री परवानगी असली तरी रानातली वाट, पाणवठा आणि परवा रात्री कुठे काय झाले हे वनरक्षकालाच ठाऊक असते.

वर्षाचे वेळापत्रक

हंगाम चुकला तर वर्ष जाते. कातळपठारांवरची फुले ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. अंजनेरीच्या डोंगरावरून शास्त्राला माहीत झालेली सेरोपेजिया अंजनेरिका ही छोटी वनस्पतीदेखील पावसाळ्यातच पाहायची असते. झाडांची ओळख आणि चौकटी घालण्याचे काम सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात करावे, कारण पाने झडल्यावर सालीवरून झाड ओळखणे हे मुरलेल्या माणसाचे काम आहे. सस्तन प्राणी मात्र याच काळात वाढलेल्या गवतात दिसत नाहीत, त्यांच्यासाठी फेब्रुवारी ते मे हा काळ बरा. पाणपक्षी डिसेंबर ते फेब्रुवारीत पाहावेत. वणव्यांचा काळ फेब्रुवारीपासून सुरू होतो. ऊसतोडीच्या हंगामात बिबट्याचे बछडे फडात सापडण्याच्या घटना वाढतात, म्हणून उसाशी निगडित प्रश्न असेल तर कारखान्यांचा गळीत हंगाम कधी सुरू होतो याची नोंद ठेवावी.

मोजणी

झाडांसाठी दहा गुणिले दहा किंवा वीस गुणिले वीस मीटरची चौकट, झुडपांसाठी तिच्यातच पाच गुणिले पाच आणि गवत-रोपांसाठी एक गुणिले एक मीटरची चौकट ही रूढ पद्धत आहे. घेर जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर मोजावा. उतारावर झाड असेल तर वरच्या बाजूने उंची धरावी आणि त्या उंचीच्या खाली खोड दुभंगले असेल तर दोन्ही खोडे स्वतंत्र मोजावीत. मोजपट्टी ओल्या सालीवर घसरते, वेली पट्टीखाली येतात, आणि संध्याकाळी कंटाळा आल्यावर आकडे पाचाच्या पटीत येऊ लागतात. हा शेवटचा दोष तक्त्यात लगेच ओळखू येतो, म्हणून दिवसाला किती चौकटी करायच्या हे आधी ठरवून त्यावर थांबावे.

चौकटींची संख्या किती असावी, यापेक्षा त्या कुठे असाव्यात हे आधी ठरवावे. एका देवराईत तीस चौकटी घातल्या म्हणून तीस देवराया होत नाहीत. प्रश्न देवरायांबद्दल असेल तर नमुन्याचे एकक देवराई आहे, आणि दहा देवरायांत तीन-तीन चौकटी घालणे हे एका देवराईत तीस घालण्यापेक्षा कितीतरी चांगले. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली या खोट्या पुनरावृत्तीबद्दल लिहिले, आणि तरीही हा दोष आजही प्रबंधांत सर्रास आढळतो.

येवल्याजवळच्या ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात काळवीट मोजायचे असतील तर रेषाछेदाची पद्धत वापरता येते. एका ठरलेल्या सरळ रेषेवरून चालत जाऊन दिसलेल्या प्रत्येक कळपाचे अंतर आणि कोन नोंदवतात आणि त्यावरून रेषेपासूनचे लंबांतर काढतात, कारण दूरचे कळप दिसण्याची शक्यता कमी असते आणि ही घट हिशेबात धरावी लागते. अंदाज विश्वासार्ह येण्यासाठी किमान साठ ते ऐंशी वेळा कळप दिसावे लागतात, आणि ही संख्या कळपांची आहे, प्राण्यांची नाही. अंतर डोळ्यांनी न ठरवता अंतरमापकाने घ्यावे. रेषा रस्त्याच्या कडेने आखू नये, कारण काळवीट रस्त्यापासून दूर राहतात किंवा कधी उलट त्याला सरावतात, आणि दोन्हीमुळे आकडा बिघडतो.

नांदूर मधमेश्वरच्या पक्ष्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण इथे काम करणारे सर्वाधिक आहेत. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरच्या बंधाऱ्यामुळे तयार झालेली ही पाणथळ जागा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातील पहिली, आणि ती घोषणा जानेवारी २०२० मध्ये झाली. पण हा नैसर्गिक तलाव नाही. वरच्या गंगापूर, दारणा या धरणांतून पाणी सोडले की पातळी चढते, कालव्यांना आवर्तन सुटले की उतरते. पातळी फूटभर उतरली की चिखलाचे पट्टे उघडे पडतात आणि तुतवारे, शेकाटे यांसारखे चिखलातले पक्षी वाढतात, तर बुड्या मारणारी बदके खोल पाण्याकडे सरकतात. म्हणून चापडगावच्या पक्षीनिरीक्षण मनोऱ्यावरून केलेल्या मोजणीत पाण्याची पातळी आणि आवर्तनाची तारीख नसेल, तर या वर्षी पक्षी वाढले किंवा घटले हे वाक्य लिहिता येत नाही. पातळीच्या नोंदी जलसंपदा विभागाकडे असतात आणि अर्ज करून त्या मागता येतात. मोजणी नेहमी त्याच ठिकाणांवरून, त्याच वेळी, सूर्य पाठीशी ठेवून आणि दोघांनी स्वतंत्रपणे करावी, आणि दोघांच्या आकड्यांतला फरकही लिहून ठेवावा. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेच्या पद्धतीशी आपली पद्धत जुळवली तर जुन्या आकड्यांशी तुलना करता येते. जलपर्णीने किती पृष्ठभाग व्यापला आहे, याचेही दरवेळी छायाचित्र घ्यावे.

गोदावरीच्या पाण्यावर काम करणाऱ्यांसाठी सध्याचा काळ महत्त्वाचा आहे, कारण सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने २०२७ मध्ये आहेत आणि मेळ्याचा परिणाम दाखवायचा तर त्याच्या आधीच्या निदान एका पूर्ण वर्षाच्या नोंदी हव्यात. गंगापूर धरणाखाली, सोमेश्वर, रामकुंड, तपोवन आणि शहराच्या खालच्या बाजूला अशी ठिकाणे घेतली तर शहरापूर्वीचे आणि नंतरचे पाणी तुलनेला मिळते. त्यात नासर्डी आणि वाघाडी या उपनद्या जिथे मिळतात त्या जागांच्या वर आणि खाली वेगळे नमुने घ्यावेत. विरघळलेला प्राणवायू विंकलर पद्धतीने मोजायचा असेल तर बाटलीतला नमुना काठावरच रसायने घालून स्थिर करावा. तो तसाच महाविद्यालयात आणला तर प्रयोगशाळेतला आकडा नदीचा राहत नाही. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू चढतो आणि पहाटे उतरतो, म्हणून वेळ न लिहिलेली नोंद टाकून द्यावी. बीओडीचे, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना सूक्ष्मजीव किती प्राणवायू वापरतात त्या मापाचे, नमुने बर्फाच्या पेटीत, अंधारात आणावेत आणि चोवीस तासांच्या आत लावावेत. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश सेल्सिअसला तीन दिवसांची करतात. जुन्या निबंधांत ती २० अंशांना पाच दिवसांची असू शकते, हे तुलना करताना पाहावे. स्नानयोग्य पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी कमाल ३ मिलिग्रॅम असे आहेत.

उपग्रह प्रतिमांचा मोह अनेकांना पडतो, कारण सेंटिनेल-२ ची दहा मीटरची प्रतिमा आणि क्यूजीआयएस ही नकाशे करण्याची संगणक प्रणाली दोन्ही फुकट मिळतात. पण नाशिकमध्ये मार्चची एकच प्रतिमा घेऊन हिरवेपणाचा निर्देशांक काढला, तर निष्पर्ण सागाचे जंगल उजाड दिसते आणि निफाडचा ऊस व दिंडोरीचे द्राक्षमळे घनदाट वन म्हणून रंगतात. निदान दोन हंगामांच्या प्रतिमा घ्याव्यात आणि नकाशातले ठिपके प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासावेत. गिरिपुष्पाची, म्हणजे उंदीरमारीची, लागवड असलेल्या टेकड्याही नकाशात जंगल म्हणूनच दिसतात. त्यांना जंगल म्हणावे का, हा चांगला संशोधनप्रश्न होऊ शकतो.

विश्लेषणासाठी आर ही मोफत प्रणाली शिकून घ्यावी, आणि ती नोंदी गोळा होण्यापूर्वीच शिकावी. कोऱ्या तक्त्यात कल्पित आकडे भरून संपूर्ण विश्लेषण एकदा चालवून पाहिले, तर कोणता रकाना विसरला आहे हे वेळेवर कळते. रोजच्या नोंदी पेन्सिलीने वहीत कराव्यात, त्याच संध्याकाळी वहीचे छायाचित्र काढावे आणि संगणकात भरलेली मूळ फाईल पुन्हा कधीही बदलू नये. दुरुस्त्या प्रतीत कराव्यात.

माणसे आणि सुरक्षितता

पश्चिम पट्ट्यात कोकणा, महादेव कोळी, वारली, ठाकर या समाजांची गावे आहेत. वाघबारसेला वाघदेवाची पूजा करणाऱ्या माणसाला ‘वन्यजीवांबद्दल तुमचा दृष्टिकोन काय’ असे छापील प्रश्नावलीतून विचारले तर छापील उत्तरच मिळते. आधी गावात जाऊन पाटील, सरपंच आणि ज्येष्ठांना भेटावे, काम काय आहे ते सांगावे, झाडांची स्थानिक नावे लिहून घ्यावीत आणि मग प्रश्न ठरवावेत. मुलाखतीसाठी संमती घ्यावी आणि संस्थेच्या नैतिकता समितीची मान्यता आधी मिळवावी. शिकार, लाकूड किंवा अतिक्रमण यांविषयी कोणी विश्वासाने काही सांगितले, तर नाव आणि गाव नोंदवहीत सांकेतिक क्रमांकानेच लिहावे, कारण ती वही उद्या कोणाच्याही हाती पडू शकते. सोबत येणाऱ्या स्थानिक साहाय्यकाला रोजच्या मजुरीइतका तरी मोबदला द्यावा आणि तो अंदाजपत्रकात दाखवावा. शेताच्या बांधावर कॅमेरा लावताना घरमालकाला विचारावे. पहाटे बांधावरून जाणाऱ्या बायकांची छायाचित्रे त्यात येणार हे उघड आहे, ती पाहिल्याबरोबर पुसावीत.

एकट्याने रानात जाऊ नये. निघताना परतीची वेळ कोणाला तरी सांगावी, घोट्याच्या वर येणारे बूट घालावेत, आणि सर्पदंशावरचे प्रतिविष असलेले जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते हे पहिल्याच दिवशी विचारून ठेवावे. पावसाळ्यात कड्याखालून जाणाऱ्या वाटा टाळाव्यात.

लेखन आणि त्यानंतर

पद्धतीचे प्रकरण क्षेत्रकार्य चालू असतानाच लिहावे. सहा महिन्यांनी चौकटीच्या कोपऱ्याला कोणती खूण केली होती हे आठवत नाही. निष्कर्षात आपल्या आकड्यांनी जेवढे म्हणता येते तेवढेच म्हणावे. ‘शासनाने जनजागृती करावी’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक प्रबंधाच्या शेवटी असते आणि त्याचा प्रबंधाशी सहसा काही संबंध नसतो, ते गाळावे. पीएच.डी. सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापलेलाच असावा ही अट यूजीसीने २०२२ च्या नियमांतून काढली आहे, त्यामुळे पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांकडे धावण्याचे कारण उरलेले नाही. नियतकालिक निवडताना आपण स्वतः ज्यातले निबंध वाचून संदर्भाला घेतले, त्यांच्याच यादीतून निवडावे.

परवानगीच्या आदेशात अहवाल देण्याची अट असते, ती पाळावी. इथे पुढे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज त्यावरही अवलंबून असतो. उपवनसंरक्षक कार्यालयाला पूर्ण प्रबंध आणि वनपरिक्षेत्र कार्यालयाला व ग्रामसभेला चार पानांचा मराठी सारांश, त्यात त्यांच्या भागाचा नकाशा आणि आकडे, असे द्यावे. पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर आणि वनस्पतींचे नमुने मान्यताप्राप्त वनस्पतिसंग्रहात जमा करावेत. गिधाडांच्या घरट्यांचे आणि दुर्मीळ वनस्पतींचे अचूक अक्षांश-रेखांश मात्र प्रबंधाच्या छापील प्रतीत न देता, वनविभागाला दिल्या जाणाऱ्या वेगळ्या परिशिष्टात ठेवावेत.